विस्मृती आणि साक्ष

श्रुती आणि स्मृती हे दोन शब्द आपल्या घरांत जोडीनेच उच्चारले जातात. जे ऐकले ती श्रुती आणि जे आठवून सांगितले ती स्मृती, एवढे आमच्यासारख्या शाळेपुरते शिकलेल्यासही ठाऊक असते. परंतु आठवणीच्या आधारावर एवढे मोठे धर्मशास्त्र उभे करणाऱ्या पूर्वजांनी, ज्याची आठवणच नाहीशी झाली अशा मनुष्याविषयी आणि त्याच्या संसाराविषयी काय म्हटले आहे, हे पाहण्याचा प्रसंग गेल्या दोन वर्षांत आमच्यावर आला. तोच अभ्यास येथे मांडीत आहोत. घरची हकीकत सांगण्यास तीर्थरूप आणि मातोश्री या उभयतांची संमती घेतली आहे.

भालकीच्या रस्त्यावर आमचे तीर्थरूप दुचाकीवरून पडले आणि त्यांच्या डोक्यास जबर मार लागला. पुष्कळ दिवसांनी नीट शुद्धीवर आल्यावर त्यांनी प्रथम विचारले ते आजीच्या औषधाविषयी. आजी वारून तेव्हा सहा वर्षे झाली होती. पुढील काही महिन्यांत बरेच काही परत आले; पण मधली सुमारे आठ वर्षे आली नाहीत ती नाहीतच. थोरल्या ताईच्या लग्नाच्या छायाचित्रात ते स्वतः कन्यादान करताना दिसतात. ते चित्र हातात घेऊन ते बराच वेळ पाहत राहत, आणि परक्याच्या घरचे चित्र परत द्यावे तसे परत देत. याच तीर्थरूपांनी रुग्णालयातून आल्यावर रुद्राचे अकरा अनुवाक एका स्वराची चूक न करता म्हटले, हे पाहून आम्ही थक्क झालो.

यात चमत्कार काही नाही, हे मागाहून समजले. रिबो नावाच्या फ्रेंच पंडिताने १८८१ साली लिहून ठेवले आहे की, स्मृतिनाशात अलीकडचे आधी जाते आणि जुने टिकून राहते. शिवाय स्मरणाचे प्रकारही निरनिराळे आहेत. अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या मेंदूवर १९५३ साली अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली. तीत मेंदूच्या दोन्ही अंगांचा हिप्पोकॅम्पस नामक भाग बराचसा काढला गेला, आणि त्यानंतर २००८ साली मरेपर्यंत घडलेली नवी गोष्ट त्याच्या लक्षात राहीना. तथापि ब्रेंडा मिलनर या विदुषीने त्याला आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवण्यास दिली, तेव्हा त्याचा हात दिवसेंदिवस सुधारत गेला. हे काम आपण पूर्वी केले आहे याची मात्र त्याला दर वेळी आठवण नसे. हाताची स्मृती वेगळी, प्रसंगाची वेगळी. तीर्थरूपांची पूजा का टिकली आणि ताईचे लग्न का गेले, याचे उत्तर आम्हांस येथे मिळाले.

परंतु आमच्या घरातील खरी अडचण वैद्यकाची नव्हती. गेलेली आठ वर्षे तीर्थरूपांस मातोश्रींच्या तोंडून घ्यावी लागली. आपले आयुष्य दुसऱ्याने सांगावे आणि आपण ऐकावे, यात काय अवघडलेपण आहे हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पहिले काही महिने ते निमूट ऐकत. पुढे “असे मी म्हणालो?” असे विचारू लागले, आणि पुढे विचारीनासे झाले. एके दिवशी जुन्या पेटीत त्यांना सराफाची पावती सापडली. मातोश्रींच्या पाटल्या विकल्याची ती पावती होती. ताईच्या लग्नात पाटल्या मोडल्या, असे मातोश्रींनी त्यांना सांगितले होते. पावतीवरील तारीख लग्नानंतर वर्षाने पडलेली. माहेरी भावाला पैसे दिले आणि ते आपल्यापासून लपविले, असा त्यांचा ग्रह झाला. त्या दिवसापासून मातोश्रींची इतर सारी हकीकतही त्यांना खोटी वाटू लागली. आजीच्या अखेरच्या दिवसांत आपण जवळ होतो, हेही ते मानीनात.

असा संशय केवळ दुष्टपणाने येत नाही. न्यायशास्त्राप्रमाणे स्मृती ही केवळ संस्कारापासून उत्पन्न होते, आणि म्हणूनच यथार्थ अनुभवाच्या, म्हणजे प्रमेच्या पंक्तीत तिला बसविलेले नाही. स्वतःच्या स्मृतीची ही गत, तर दुसऱ्याची स्मृती ऐकून कितपत मानावी? आजच्या शास्त्रज्ञांनीही हाच धोका दाखविला आहे. एलिझाबेथ लॉफ्टस व त्यांच्या सहकारी यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २४ माणसांना त्यांच्या लहानपणीच्या हकिकती घरच्यांच्या नावाने सांगितल्या. त्यांतील एक, म्हणजे बाजारात हरवल्याची गोष्ट, रचलेली होती. तरी सुमारे चौथाई माणसांना ती थोडीबहुत आठवू लागली. तेव्हा जोडीदाराने सांगितलेले निमूटपणे गिळणे, यातही धोका आहेच.

येथे शाकुंतल आठवल्याशिवाय राहत नाही. महाभारताच्या आदिपर्वात दुष्यंताला सारे आठवत असते. लोक काय म्हणतील म्हणून तो शकुंतलेस नाकारतो आणि आकाशवाणी झाल्यावर स्वीकारतो. कालिदासाने त्यात दुर्वासाचा शाप आणि अंगठी घालून राजाला खरोखरच विस्मृती दिली. पाचव्या अंकात हंसपदिकेचे गाणे ऐकून राजा उगाच व्याकुळ होतो. कोण आठवते आहे ते त्याला कळत नाही. आमच्या तीर्थरूपांस आजीच्या खोलीपाशी आले की असेच होई. परंतु पुढे शकुंतला भर सभेत उभी असता राजा स्त्रीजातीच्या कपटाविषयी जे बोलतो, त्याबद्दल आमचे मत थोडे कठोर आहे. शापाने त्याची आठवण नेली हे खरे. ते शब्द शापाने घातलेले नव्हते. आणि शकुंतलाही ते विसरलेली दिसत नाही. सातव्या अंकात राजा अंगठी पुन्हा तिच्या बोटात घालू पाहतो, तेव्हा माझा हिच्यावर विश्वास नाही, आपणच घाला, असे ती सांगते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात संगीत शाकुंतल रंगभूमीवर आणल्यापासून आपल्या लोकांत ही कथा घरोघरी पोचली. पण हा शेवटचा नकार सहसा कोणी आठवत नाही.

उलट बाजूही आहे. बंगालमधील भावालचा दुसरा कुमार रमेंद्रनारायण रॉय १९०९ साली दार्जिलिंगला मरण पावला असे मानले गेले. १९२१ साली ढाक्यास एक संन्यासी प्रकट झाला. तोच आपण, आणि मधल्या काळात आपली स्मृती गेली होती, असे त्याचे म्हणणे पडले. बहिणीने ओळखले, पत्नी विभावतीदेवीने नाही. १९३० साली दावा दाखल झाला, शेकडो साक्षी झाल्या, १९३६ साली न्यायाधीश पन्नालाल बसू यांनी संन्याशाच्या बाजूने निकाल दिला आणि १९४६ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो कायम केला. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो वारला. विभावतीदेवीने त्याला अखेरपर्यंत पती मानले नाही. न्यायालयाचा निकाल एक आणि पत्नीच्या मनाचा दुसरा!

प्रमाणांचा विचार करावयास आपल्या भागातील माणसाने दूर जाण्याचे कारण नाही. आज ज्याला आपण बसवकल्याण म्हणतो, त्याच कल्याण नगरीत चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या काळी, म्हणजे १०७६ ते ११२६ च्या दरम्यान, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. मानवी प्रमाणे तीन: लेख, भोग आणि साक्षी. आमच्या घरी लेख होता, तो म्हणजे पावती; पण ती विक्री सांगत होती, कारण सांगत नव्हती. साक्षी कोण? आम्हीच. आणि येथे याज्ञवल्क्याचा नियम आमच्या वर्मी लागला. भाऊ-भाऊ, पती-पत्नी, पिता-पुत्र हे अविभक्त असता त्यांच्यात जामिनकी, ऋण आणि साक्ष नाही, असे तो सांगतो. विज्ञानेश्वराने याच ठिकाणी पतिपत्नींची विभागणी होत नाही या आपस्तंबाच्या वचनाचा विचार करून, ते वचन अग्निसाध्य कर्मांपुरते आहे, धनापुरते नव्हे, असा निर्वाळा दिला आहे.

या नियमाचा आधार घेऊन आम्ही गप्प राहिलो, हे कबूल केले पाहिजे. कारण खरे आम्हांस ठाऊक होते. तीर्थरूप एका नातलगाच्या कर्जास जामीन राहिले होते. नातलगाने हात वर केले. मातोश्री नको म्हणत असता तीर्थरूपांनी त्यांच्या पाटल्या विकून ती रक्कम फेडली, आणि मातोश्री उदगीरला माहेरी जाऊन पाच महिने राहिल्या. आजारी माणसाला हे कशास सांगावे, म्हणून त्यांनी लग्नाचे निमित्त पुढे केले होते. दयेपोटी सांगितलेल्या त्या एका असत्याने बाकीचे सारे सत्य बुडविले.

शेवटी तीर्थरूपांनी आम्हांस समोर बसवून विचारले, “खरे काय ते तू सांग.” आम्ही मातोश्रींकडे पाहिले. त्या म्हणाल्या, “त्याला कशाला मध्ये घालता? मीच सांगते, अहो.” आणि जामिनकीपासून उदगीरपर्यंत सारे, स्वतःचे रागाचे शब्दही न गाळता, त्यांनी सांगितले.

तीर्थरूप बराच वेळ बोलले नाहीत. त्यांना त्यातले काहीच आठवले नाही; आजही आठवत नाही. मग त्यांनी विचारले ते शास्त्राचे. “दुष्काळ, धर्मकार्य, रोग आणि कैद, या चारच कारणांनी घेतलेले स्त्रीधन नवऱ्याने परत केले नाही तरी चालते. जामिनकी यात बसते का रे?” बसत नाही, असे आम्ही म्हटले. हा पाठ त्यांनीच आम्हांस दिलेला होता.

तेव्हापासून कोनाड्यात एक वही आहे. दक्षिणेतून दरमहा जे बाजूला पडते ते तीर्थरूप तीत मांडतात, वर “पाटल्यांचे येणे” असे लिहितात. समोरच्या पानावर मातोश्री त्या आठ वर्षांतले जे आठवेल ते लिहितात; चांगले-वाईट दोन्ही. परवा त्यांनी उदगीरहून परत आल्याचा दिवस लिहिला. तीर्थरूपांनी तो दोनदा वाचला आणि विचारले, “तुला आणायला कोण आले होते?”

“तुम्हीच की. सकाळच्या गाडीने आला होता.”

“मी काय म्हणालो?”

“काही नाही. पिशवी उचललीत.”