बेटावरचा बंगला घेण्याआधी

एकोडी, ता. साकोली, जि. भंडारा

चि. भाचीस,

दिवाळीनंतर आठ माणसांनी मिळून नदीतल्या बेटावरचा अख्खा बंगला भाड्याने घ्यायचा, हा तुम्हा मंडळींचा बेत कळला. बेत छान आहे. मात्र अशा घराची चौकशी खोल्यांपासून नव्हे, नदीपासून सुरू करायची असते.

नदीकाठच्या माणसांना हे सांगावे लागत नाही. साकोली तालुक्यातून चुलबंद नदी वाहते आणि पुढे लाखांदूरकडे वैनगंगेला मिळते. 2020 च्या ऑगस्टअखेर याच वैनगंगेने भंडारा शहराच्या वस्त्यांत पाणी घातले. पाऊस झाला होता वर मध्य प्रदेशात. तिथल्या सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवरातून पाणी सुटले आणि खाली गोसीखुर्द धरणाचे सगळे 33 दरवाजे उघडावे लागले. म्हणजे डोक्यावर आभाळ मोकळे असले, तरी पायाखालचे पाणी वाढू शकते. नदीतल्या बेटावर तर चारही बाजूंनी पाणीच.

म्हणून महाराष्ट्रात नदीलगत कुठेही घर घ्यायचे, तर पहिला प्रश्न पूररेषेचा. जलसंपदा खाते दोन रेषा आखते. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते. तिथला बंगला कितीही देखणा असो, त्याला बयाणा देऊ नये. वर धरण असेल तर विसर्गाची सूचना बंगल्यावर कोण देतो, तेही विचारावे.

खऱ्या बेटावर राहायचे तर मराठी माणसाला जवळचे ठिकाण म्हणजे गोव्यातले दिवाडी. मांडवी नदीतल्या या बेटावर अजून पूल नाही. जुने गोवे, रायबंदर आणि नार्वे या तीन बाजूंनी फेरीबोट जाते. बोट धक्क्याला लागली की पुढची लोखंडी फळी दाणकन खाली टेकते, दुचाक्या आणि मोटारी तिच्यावरून चढतात, आणि पायी येणाऱ्याला भाडे पडत नाही. बेटावर पिएदादच्या टेकडीवर चर्च आहे, जुनी ऐसपैस घरे आहेत, खाली भाताची खाजन शेती. खारे पाणी बांधांनी अडवायचे आणि मानशीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, दारांनी सोडायचे, ही तिथली जुनी विद्या. पोरांना मुद्दाम दाखवावी. कदंब राजांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर मूळचा या दिवाडीचा. पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर मूर्ती नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला गेली आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तिथले मंदिर नव्याने उभे राहिले. फेरीने तिथे जाऊन यावे.

आता व्यवहार. गोव्यात पर्यटकांना घर भाड्याने देणाऱ्याला 1982 च्या कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. तो क्रमांक मालकाने बिनतक्रार द्यायला हवा. दुसरे, रात्रीची शेवटची फेरी. ती चुकली तर काय, आणि आजी सोबत असेल आणि मध्यरात्री तिच्या छातीत दुखले, तर पलीकडे न्यायला होडी आणि माणूस कोण, याचे उत्तर नावानिशी मिळाले पाहिजे. तिसरे, वीज गेल्यावर पंप कशावर चालतो आणि प्यायचे पाणी कुठून येते. चौथे, पोहणे. मांडवीत भरती-ओहोटी आहे आणि ओहोटीची ओढ वरून दिसत नाही. पोरे पट्टीची पोहणारी असली तरी काठावरच्या माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात उतरू देऊ नये.

आणखी एक. जाहिरातीत बेट ‘खाजगी’ म्हटले, तरी नदी आणि धक्का गावाचाच असतो. सकाळच्या फेरीने शाळेची मुले आणि मासळीवाल्या जातात. मोटार आडवी लावून त्यांची वाट अडवू नये, रात्री मोठ्या आवाजात गाणी लावू नयेत, प्लास्टिक आणि बाटल्या आपल्याबरोबर परत आणाव्यात. भाजी, मासे, पाव बेटावरच्याच माणसांकडून घ्यावे. बंगल्याच्या भाड्यातून गावाच्या हाती फारसे लागत नाही.

दिवाडीचेच ठरले तर नोंदणी क्रमांक, शेवटच्या फेरीची वेळ आणि रात्रीच्या होडीवाल्याचा फोन, हे तीनही मालकाकडून लेखी मागव. पैसे त्यानंतरच पाठव आणि तो कागद मलाही धाड.

तुझा,
मामा