शुगरची गोळी आणि तोंडाचा कॅन्सर



मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी आज घरोघरी पोहोचली आहे. ती तोंडाचा कॅन्सरही टाळते, असे हल्ली ऐकू येते. ऐकीव गोष्ट पारखल्याशिवाय स्वीकारू नये, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. म्हणून आम्ही हा विषय येथे घेतला आहे.

परमपूज्य बाबासाहेब मधुमेहाने त्रस्त होते. त्यांचे महापरिनिर्वाण १९५६ साली झाले. फ्रान्सचे डॉ. जाँ स्टर्न यांनी मेटफॉर्मिनचा मधुमेहावरील उपयोग जाहीर केला तो १९५७ साली. ही गोळी यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करते. शिवाय पेशींना ‘वाढा’ असे सांगणारा संदेशही ती मंदावते, असे प्रयोगशाळेत दिसले. कॅन्सर म्हणजे पेशींची बेबंद वाढ. म्हणून संशोधकांचे लक्ष या गोळीकडे गेले.

२०१२ साली अमेरिकेत उंदरांवरील प्रयोगात या औषधाने तोंडातील कॅन्सरपूर्व डागांचे कॅन्सरमध्ये होणारे रूपांतर कमी झाले. पुढे तोंडात पांढरे चट्टे असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या थोड्या लोकांना ती सुमारे तीन महिने देण्यात आली. सूक्ष्मदर्शकाखाली अनेकांच्या चट्ट्यांत सुधारणा दिसली. मात्र चट्टा निम्म्याने आक्रसला तो मोजक्यांचाच. तुलनेसाठी गोळी न घेणारा दुसरा गट नव्हता. तेव्हा ही आशा आहे, सिद्ध झालेला उपाय नव्हे.

म्हणून घरातल्या मधुमेही माणसाची गोळी दुसऱ्याने घेऊ नये. मूत्रपिंड अधू असेल तर ती घातक ठरू शकते. आणि ‘गोळी घेतो, मग तंबाखू चालेल’ हा हिशेब तर साफ चुकीचा आहे.

आपल्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. थकवा आणि भूक मारण्यासाठी पुरुष तंबाखूचा बार भरतात, बाया मिश्री लावतात. नुसती सुपारीसुद्धा कॅन्सरकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली जाहीर केले. महाराष्ट्रात २०१२ साली गुटखाबंदी झाली; परंतु मनाची बंदी झाल्याशिवाय कायदा अपुराच पडतो.

दोन आठवड्यांत बरी न होणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे ही लक्षणे दिसताच बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय गाठावे. दुखत नाही म्हणून थांबू नये. सुरुवातीला ते अनेकदा दुखत नाही. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

टोळ्या गावी परतल्या की प्रत्येक विहारात मुखतपासणी शिबिर व्हावे, अशी आमची समाजाला विनंती आहे. पाचवे शील आपण दर वंदनेला घेतो. मद्यासोबत तंबाखूची पुडीही त्या दिवशी दाराबाहेर ठेवली, तर ते शील खऱ्या अर्थाने पाळले जाईल.

जयभीम! नमो बुद्धाय!