घटिकापात्र आणि कार्ब्युरेटर

भाषा आणि इतिहास शिकविणाऱ्या मनुष्याने यंत्रावर लेख लिहावा, याचे तुम्हांस नवल वाटेल. परंतु गेल्या पावसाळ्यात आमच्या ओसरीवर जे घडले, त्याने आम्हांस विज्ञानाचा एक धडा चांगलाच शिकविला. तो तुमच्यापुढे ठेवल्यावाचून राहवत नाही.

तीर्थरूपांच्या पश्चात त्यांची जुनी मोटारसायकल आम्ही गावाहून रेल्वेने उज्जैनला आणविली. तिला रोज पुसून ठेवण्यापलीकडे आम्ही तिची काही निगा राखली नव्हती. एके सायंकाळी ती सुरू करण्याचे मनात आले. पेट्रोलचा कॉक उघडला आणि आम्ही किक मारू लागलो. दहा झाल्या, वीस झाल्या, तरी यंत्र ढिम्म! इतक्यात आतून मातोश्रींचे कोंकणी शब्द ऐकू आले, "पेट्रोलाचो वास येता!" खाली पाहिले, तो कार्ब्युरेटरमधून पेट्रोल टपटप गळून फरशीवर पसरलेले, आणि काही हातांवरच, तुळशीपुढे नुकताच लावलेला दिवा! मातोश्रींनी एक शब्दही न बोलता तो दिवा उचलून घराच्या पार दुसऱ्या बाजूस नेला. त्या क्षणी त्यांना जे सुचले, ते पदवीधर असूनही आम्हांस सुचले नव्हते.

आता या पेट्रोलचे मूळ शोधू. इंजिनात पेट्रोल एकटे जळत नाही. त्यास हवा लागते. वजनाने पाहिले, तर एक भाग पेट्रोलला सुमारे पंधरा भाग हवा हवी. हे मिश्रण सिद्ध करण्याचे काम कार्ब्युरेटरचे. हवा अरुंद मार्गातून वेगाने जाऊ लागली, की तेथील दाब कमी होतो आणि एका बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, पेट्रोल वर ओढले जाऊन त्याचे तुषार होतात. असा तुषार उडविणारा कार्ब्युरेटर विल्हेल्म मायबाख या जर्मन अभियंत्याने १८९३ साली सिद्ध केला.

परंतु जेटजवळ पेट्रोलची पातळी नेहमी सारखी राहिली पाहिजे. त्यासाठी कार्ब्युरेटरला एक लहानशी वाटी असते आणि तीत 'फ्लोट' नावाची पोकळ, हलकी डबी तरंगते. तुमच्या घरच्या पाण्याच्या टाकीतील बॉलकॉक आठवा. पाणी चढले, की गोळा वर येतो आणि नळ बंद होतो. येथेही तसेच घडते. पेट्रोल चढले, की फ्लोट वर येतो, टोकदार 'नीडल' आपल्या बैठकीत बसते आणि वाट बंद होते. ही वाट बंद झाली नाही, तर पेट्रोल जेटमधून इंजिनात शिरते वा बाहेर सांडते. प्लग भिजतो आणि ठिणगी पडत नाही. अशा वेळी मारलेली प्रत्येक किक आणखी पेट्रोल आत ओढते. आमच्या वीस किकांनी रोग बरा न करता वाढविला होता!

क्वचित हे पेट्रोल मुद्दाम चढविले जाते. म्हैसूर येथे १९६१ पासून तयार होऊ लागलेल्या जावासारख्या जुन्या गाड्यांत कार्ब्युरेटरवर 'टिकलर' नावाचे बटण असते. ते दाबले, की फ्लोट खाली जातो आणि थंड इंजिनास घटकाभर अधिक पेट्रोल मिळते. हे बटणच अडकून राहिले, तर गळती सुरू होते.

दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थ्याचे वडील आमच्याकडे आले. ते व्यवसायाने मिस्त्री आहेत. आम्ही त्यांस विचारले, "इतके पेट्रोल येते तरी कोठून?" ते हसून हिंदीत जे म्हणाले, त्याचा आशय असा : ते येते कोठून हे पाहू नका, ते थांबत का नाही, ते पाहा. आमच्या मते हाच या लेखाचा गाभा होय.

त्यांनी प्रथम कॉक बंद केला आणि गाडी उघड्यावर नेली. मग सोप्याकडून अवघडाकडे, या क्रमाने तपास सुरू झाला. गाडी कलती उभी होती. तिला सरळ केले, कारण कलण्याने पातळी बदलते. टिकलर मोकळा होता. पेचकसाच्या लाकडी मुठीने वाटीवर हलकेच ठोकून पाहिले. नीडलखाली कचरा अडकला असेल, तर एवढ्यानेही तो कधी कधी सुटतो. गळती थांबेना, तेव्हा वाटी उघडली. तळाशी टाकीतील गंजाचा गाळ होता. तो धुऊन काढला. नीडलच्या टोकावर झीज होऊन कडे पडले आहे काय, हे बोटाने चाचपले. टोक गुळगुळीत होते. शेवटी पितळेचा फ्लोट कानाशी धरून हलविला, आणि आत डुचमळण्याचा आवाज आला! सांध्याला सूक्ष्म भेग जाऊन पेट्रोल आत शिरले होते. फ्लोट जड होऊन बुडाला होता.

त्या क्षणी आम्हांस घटिकापात्र आठवले. आपले उज्जैन म्हणजे प्राचीन ज्योतिष्यांनी जेथून मध्यरेखा मानली ती नगरी. त्या काळी पाण्यावर तळाशी छिद्र असलेले तांब्याचे पात्र सोडीत. ते भरून बुडाले, की एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटे, झाली असे मानीत. लग्नात मुहूर्त साधण्यासाठीही हेच पात्र असे. तेथे छिद्र हाच गुण, येथे तोच दोष; नियम मात्र दोन्हीकडे एकच.

फुटलेला फ्लोट घरी डाग देऊन सांधू नये. आत उरलेल्या पेट्रोलच्या वाफेचा स्फोट होऊ शकतो. आम्ही नवा बसविला. चारधावी इंजिनात पेट्रोल खालच्या तेलात मिसळल्याचा संशय असेल, तर तेल बदलल्यावाचून गाडी चालवू नये. गाडी उभी करताना कॉक बंद करावा. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते व ते ओलावा शोषते. म्हणून जुन्या गाडीच्या टाकीत ते महिनोन्‌महिने ठेवू नये. आणि पेट्रोलचा वास आला, की दिवा, काडी वा विजेचे बटण यांस हात लावण्यापूर्वी दूर व्हावे व वडीलधाऱ्यांस हाक मारावी.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटरची जागा विजेच्या साहाय्याने मोजून पेट्रोल सोडणाऱ्या यंत्रणेने घेतली. तरी "थांबत का नाही?" हा प्रश्न जुना होणार नाही. तीर्थरूपांची गाडी आता दुसऱ्या किकेस सुरू होते. तिचा आवाज ऐकून मातोश्री ओसरीवर येतात, काही बोलत नाहीत. मात्र तुळशीपुढे दिवा लावण्यापूर्वी आजही एकदा वास घेऊन पाहतात.