घरातील वीजतारांची जाडी कशी ओळखावी?

घरातील कौल फुटले तर पहिल्याच पावसात ते समजते. वीजतार अपुऱ्या जाडीची असेल तर मात्र वर्षानुवर्षे काहीच दिसत नाही. ती तापते, तिचे आवरण ठिसूळ होते आणि एखाद्या दिवशी तेथूनच आग लागते. ज्या घरांत पूर्वी चार दिवे, एक पंखा व एक रेडिओ एवढाच वापर होता, त्याच तारांवर आज गीझर, इस्त्री, मिक्सर व शीतकपाट चालविले जाते. म्हणून घराची तपासणी करताना तारेची जाडी ओळखता येणे अगत्याचे आहे.

तार का तापते?

तारेतून वाहणारी धारा दुप्पट झाली तर तीत निर्माण होणारी उष्णता चौपट होते. उलट, धातूचा छेद मोठा असेल तर विरोध कमी होतो व उष्णताही कमी होते. म्हणून तारेचे माप तिच्या धातूच्या छेदाच्या क्षेत्रफळावरून, म्हणजे चौरस मिलिमीटरमध्ये सांगतात. वरच्या आवरणाच्या जाडीशी या मापाचा संबंध नाही. जुन्या रबरी, सुती वेष्टणाच्या तारा दिसावयास जाड असतात, परंतु आतील तांबे पुष्कळदा बेताचेच असते.

तपासणीपूर्वी

प्रथम मेन स्विच बंद करावा. घरात इन्व्हर्टर असल्यास तोही बंद करावा, कारण मेन बंद केल्यावरही त्याची वीज तारांत राहू शकते. टेस्टरचा दिवा लागला नाही, एवढ्यावरून वीज नाही असे मानू नये. तोच टेस्टर चालू वीज असलेल्या ठिकाणी आधी लावून पाहावा. जुनी रबरी तार वाकवू नये, तिचे आवरण तडकते. घरमालकाने पाहावे व नोंद करावी. जोड उघडण्याचे व तारा कापण्याचे काम परवानाधारक वायरमननेच करावे.

ओळखण्याच्या चार पायऱ्या

१. छापील खूण वाचावी. पी.व्ही.सी. आवरणाच्या तारेवर ठराविक अंतराने उत्पादकाचे नाव, भारतीय मानक क्रमांक ६९४ व माप छापलेले असते. खूण स्पष्ट असेल तर तर्क करण्याचे कारण उरत नाही.

२. धातू ओळखावा. तांबे तांबूस व ॲल्युमिनियम पांढरे दिसते. परंतु जुन्या रबरी तारांतील तांब्यावर कथिलाचा मुलामा असे, त्यामुळे तेही पांढरे दिसते. अशा वेळी कापलेले टोक पाहावे. आत तांबूस रंग दिसला तर ते तांबे होय. ॲल्युमिनियमची विद्युत्‌वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के असल्याने त्याच मापाची तार कमी धारा पेलते.

३. पदर मोजावेत. जुन्या तारांचे माप ३/२२, ३/२० किंवा ७/२० असे सांगत. पहिला आकडा पदरांची संख्या, दुसरा गेजचा क्रमांक. गेजचा क्रमांक वाढेल तशी तार बारीक होते, हे ध्यानात ठेवावे. २२ गेजचा व्यास सुमारे ०.७१ मि.मी. आणि २० गेजचा ०.९१ मि.मी. असतो. गेजच्या चकतीने मोजताना तार कडेच्या खाचेत बसवावी, खाचेच्या आतील गोल छिद्रात नव्हे.

४. व्यास मोजून क्षेत्रफळ काढावे. चकती नसल्यास कापून काढलेल्या तुकड्यातील एक पदर पेन्सिलीभोवती दहा वेळा घट्ट, एकमेकांस चिकटून गुंडाळावा व त्या वेटोळ्याची लांबी पट्टीने मोजून दहाने भागावी. मग व्यास गुणिले व्यास गुणिले ०.७८५ गुणिले पदरांची संख्या म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ.

उदाहरणार्थ, ३/२० तारेचे वेटोळे ९.१ मि.मी. भरले तर एका पदराचा व्यास ०.९१ मि.मी. ०.९१ × ०.९१ × ०.७८५ म्हणजे ०.६५, तीन पदरांचे १.९५ चौ. मि.मी. याच रीतीने ३/२२ तार सुमारे १.२ चौ. मि.मी. भरते. आजच्या बारीक पदरांच्या तांब्याच्या तारांत ०.३ मि.मी. व्यासाचे १४ पदर असतील तर १, २२ असतील तर १.५, ३६ असतील तर २.५ आणि ५६ असतील तर ४ चौ. मि.मी. समजावेत. ॲल्युमिनियमची एकेरी तार १.४ मि.मी. व्यासाची असेल तर १.५ आणि १.८ मि.मी. व्यासाची असेल तर २.५ चौ. मि.मी. असते.

मापावरून काय ठरवावे?

नळीतून नेलेली तांब्याची १ चौ. मि.मी. तार सुमारे ११, १.५ ची १३, २.५ ची १८ व ४ ची २४ अँपिअर धारा पेलते. एका नळीत पुष्कळ तारा कोंबल्या असतील किंवा जागा उष्ण असेल तर ही क्षमता घटते.

आता २,००० वॅटचा गीझर व १,००० वॅटची इस्त्री एकाच ३/२२ तारेवर आहेत असे समजा. ३,००० भागिले २३० म्हणजे १३ अँपिअर. तार तापणारच. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तार घातली, तर फ्यूज टिकतो आणि वितळण्याची पाळी भिंतीतील तारेवर येते. फ्यूज किंवा स्वयंचलित स्विच हा उपकरणाला नव्हे, तर तारेला शोभेल असा असावा.

नजरेतून सुटणाऱ्या गोष्टी

बटणाजवळ जाड तार दिसली म्हणून समाधान मानू नये. मध्येच जोड देऊन पुढे बारीक तार लावलेली असते. परिपथातील सर्वांत बारीक तुकडाच क्षमता ठरवितो. स्क्रूच्या छिद्रात बसत नाहीत म्हणून काही पदर छाटलेले असतात. तेथे तार दुर्बल होते. तांबे व ॲल्युमिनियम नुसते पिळून जोडले असतील तर दमट हवेत तो जोड गंजतो. गोमंतकासारख्या किनारी प्रदेशात या जोडांकडे विशेष लक्ष द्यावे. चवथीच्या रोषणाईसाठी तात्पुरत्या ओढलेल्या बारीक तारा सण सरल्यावर कायम राहणार नाहीत, हेही पाहावे.

विद्यार्थ्यांसाठी

(१) ७/२० तारेचे क्षेत्रफळ काढा. (उत्तर : सुमारे ४.५५ चौ. मि.मी.)
(२) १.५ चौ. मि.मी. तांब्याच्या तारेवर २३० व्होल्टला २,००० वॅटचा एकच गीझर चालवला तर किती धारा वाहील? ती मर्यादेत आहे काय? (उत्तर : सुमारे ८.७ अँपिअर, होय. परंतु त्याच तारेवर दुसरे मोठे उपकरण लावू नये.)
(३) घरातील उपकरणांवरील वॅटचे आकडे वाचून खोलीवार तक्ता तयार करा. कोणत्याही तारेस हात लावू नका.

हा तक्ता व तारांच्या मापांची नोंद मेन स्विचजवळ चिकटवून ठेवावी. नवे उपकरण आणण्यापूर्वी ती वाचली, तर तार बदलावयाची की नाही हे वेळीच ठरविता येईल.