मामंजींना माणसांत ठेव गं

अगं, मामंजी तेच तेच विचारतात, पासबुक कुठं ठेवलं ते विसरतात, म्हणून तुझी झोप उडालीय ना? बस जरा. खरं सांगू का, यात करण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते तुला जमेल.

बघ, बाईचं वय झालं तरी चूल, नातवंडं, शेजारणी सुटत नाहीत. गड्याचं तसं नसतं. आपल्या मुळशीत हिंजवडी-पिरंगुटकडं किती जणांच्या जमिनी गेल्या! शेत गेलं की चालणं थांबतं, आणि बांधावरची, डेअरीवरची माणसंही तुटतात. त्यात ताम्हिणीकडचा पाऊस लागला की उंबरासुद्धा ओलांडणं होत नाही. उरतो तो टीव्ही.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाशी जोडलेली, आपल्याला सांभाळता येतील अशी १४ कारणं मांडली. एकटेपणा, बसून राहणं, नैराश्य, कमी ऐकू येणं, कमी दिसणं, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, विडी, दारू ही त्यांतलीच. ही सगळी आवरली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील, असा अंदाज आहे. एकेका माणसाची हमी कुणी देत नाही, पण प्रयत्न वाया जात नाहीत गं.

म्हणून आधी पौडच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा. रक्तदाब, साखर बघून घ्या. तुमचं घर माळकरी, मांस-मासे नाहीत, तेव्हा बी-१२चं डॉक्टरांना विचार, आणि थायरॉईडचंही. त्यांच्या कमतरतेनंही विसरायला होतं आणि त्यावर औषध आहे. कान तर तपासाच. पुष्कळदा माणूस विसरलेला नसतो, त्याला पहिल्यांदा ऐकूच आलेलं नसतं. मात्र एकाएकी भ्रम झाला, बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, तर वाट बघायची नाही. लगेच १०८ लाव.

दुसरं, काळजीपोटी त्यांच्या हातातलं काम काढून घेऊ नकोस. दूध तेच आणू देत. आंबेमोहोराची लावणी कधी करायची ते त्यांनाच विचार. रोज हरिपाठाला धाड. जाता-येता चालणं होतं, म्हणणं होतं, चार माणसं भेटतात. पावसात शेजारच्या आबांना सोबत घ्यायला सांग.

आणि बघ, गडी माणूस ‘मन लागत नाही’ असं तोंडानं म्हणत नाही. चिडतो, जेवण टाकतो, नाहीतर बाटली जवळ करतो. तसं दिसलं तर मनाच्या दुखण्यासाठी टेलीमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा मोफत नंबर आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ आहे.

सगळं एकटीनं ओढायचं नाही हं. दवाखाना त्यांच्या लेकाकडं दे, औषधाच्या वेळा नातीकडं. तू फक्त त्यांच्याशी समोर बसून, सावकाश बोल. दहाव्यांदा विचारलं तरी ‘आत्ताच सांगितलं ना’ म्हणू नकोस. त्यानं माणूस विचारायचाच थांबतो. चल, दवाखान्याचा दिवस आजच ठरव आणि आबांना निरोप धाड.