संगणकातील जुन्या अपडेटच्या प्रती : कोणत्या काढाव्यात, कोणत्या राखाव्यात



कोकणातील बहुतेक घरांचा एक पाय गावात आणि दुसरा मुंबईत असतो. गिरण्यांच्या काळात लालबाग, परळ, दादर व गिरगाव येथे गेलेल्या मंडळींच्या पुढच्या पिढ्या आजही तेथे आहेत. गावच्या सामाईक जमिनीची कागदपत्रे सांभाळण्याचे काम पुष्कळदा त्यांच्याच घरातील संगणकावर होते. सातबारा, आठ-अ, आजोबांच्या काळातील फेरफाराच्या स्कॅन केलेल्या प्रती, आंबा-काजूच्या विक्रीचा हिशेब, पीक विम्याच्या पावत्या आणि गावकरी मंडळाच्या वर्गणीची यादी असे सर्व काही एकाच यंत्रात साठलेले असते.

काही वर्षांनी हा संगणक मंद चालू लागतो व 'डिस्कवर जागा अपुरी' असा इशारा येऊ लागतो. नवा हिशेब साठवला जात नाही. विंडोजच्या सुरक्षा-सुधारणाही जागेअभावी बसत नाहीत. मग घाईघाईने दिसेल ते पुसले जाते आणि गवताबरोबर रोपही उपटले जाते. तसे होऊ नये म्हणून पुढील माहिती दिली आहे.

जुन्या प्रती कशासाठी ठेवल्या जातात?

नवीन जातीचे भात लावताना जाणता शेतकरी जुन्या जातीचे थोडे बी राखून ठेवतो. नवी जात आपल्या खाचरात उतरते की नाही हे पाहिल्यावरच जुन्या बियाण्याचा निकाल लावला जातो. विंडोजही हेच करते. अपडेट बसवताना ती बदललेल्या फाईल्सची जुनी आवृत्ती बाजूला ठेवते. अपडेट बिघडले तर त्यावरून मागे जाता येते.

ही खबरदारी अनाठायी नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० ची नवी आवृत्ती काही ग्राहकांच्या स्वतःच्या फाईल्स पुसत असल्याचे आढळल्याने मायक्रोसॉफ्टने तिचे वितरण थांबवले. ती नोव्हेंबरमध्ये पुन्हा देण्यात आली. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले, आणि मुंबईसह देशातील विमानतळांवर प्रवाशांची नोंद हाताने करण्याची वेळ आली. तेव्हा अपडेट बसल्याच्या दिवशीच जुनी प्रत काढू नये. संगणक, प्रिंटर, स्कॅनर व हिशेबाचा कार्यक्रम आठवडाभर नीट चालतात का ते पाहावे.

जुन्या प्रतींचे प्रकार

१) 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर : विंडोजची संपूर्ण नवी आवृत्ती बसल्यावर हा फोल्डर तयार होतो. तो अनेक जीबी जागा अडवतो. विंडोज १० व ११ मध्ये मागे जाण्याची मुदत साधारणपणे १० दिवसांची असते. त्यानंतर हा फोल्डर आपोआप काढला जातो. मुदतीच्या आत जाणकाराकडून ती ६० दिवसांपर्यंत वाढवून घेता येते. विंडोज नव्याने बसवताना घरातील जुन्या फाईल्सही कधीकधी याच फोल्डरमध्ये जाऊन पडतात. म्हणून काढण्यापूर्वी त्यातील 'युजर्स' हा भाग उघडून पाहावा.

२) 'विन-एस-एक्स-एस' फोल्डर : हा विंडोज फोल्डरच्या आत असतो. त्याचा आकार पाहून अनेकजण दचकतात. हा आकार फसवा असतो, कारण यातील बऱ्याच फाईल्स डिस्कवर एकदाच असून दोन ठिकाणी नोंदलेल्या असतात. एकाच गटाचे क्षेत्र सातबाऱ्यावर दिसते व आठ-अ वरही दिसते, म्हणून जमीन दुप्पट होत नाही. तसेच हे आहे. हा फोल्डर हाताने कधीही पुसू नये. तसे केल्यास संगणक सुरूच न होण्याचा धोका असतो. नवी आवृत्ती बसून ३० दिवस झाले की त्यातील निरुपयोगी जुने भाग विंडोज स्वतः टप्प्याटप्प्याने काढते.

३) जुन्या एक्सपी संगणकातील फोल्डर : गावकरी मंडळाच्या खोलीत एखादा विंडोज एक्सपीचा संगणक अजून यादी छापण्यापुरता चालू असू शकतो. त्यात डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारे, 'एन-टी-अनइन्स्टॉल' व पुढे क्रमांक असे नाव असलेले अनेक लपवलेले फोल्डर असतात. ते काढल्यास संगणक बिघडत नाही, मात्र ते अपडेट पुन्हा काढता येत नाही. 'एच-एफ-मिग' नावाच्या फोल्डरला हात लावू नये. एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ रोजी संपला असल्याने असा संगणक इंटरनेटला जोडू नये.

आधी स्वतःच्या फाईल्सची नक्कल

साफसफाईपूर्वी जमिनीची कागदपत्रे, हिशेब व छायाचित्रे दोन वेगवेगळ्या साधनांवर उतरवून घ्यावीत. उदाहरणार्थ, एक पेन ड्राइव्ह व एक बाह्य हार्ड डिस्क वापरावी. नक्कल केल्यावर चार-पाच फाईल्स त्या साधनावरून उघडून पाहाव्यात. न उघडणारी नक्कल म्हणजे न उगवणारे बी.

एक साधन मुंबईत व दुसरे गावी ठेवावे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलीमीटर पाऊस झाला, तर त्याच दिवशी कुलाब्याला सुमारे ७३ मिलीमीटरच. संकट सर्वत्र सारखे येत नाही, म्हणून सर्व प्रती एका छताखाली ठेवू नयेत. परळ-दादर भागात हिंदमातासारख्या सखल जागी पाणी तुंबते. तेथे तळमजल्यावरील संगणक जमिनीवर न ठेवता उंच फळीवर ठेवावा.

काढण्याची सुरक्षित पद्धत

१) संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा. अर्धवट राहिलेले अपडेट आधी पूर्ण होऊ द्यावे.

२) 'स्टार्ट' मधील शोध चौकटीत 'डिस्क क्लीनअप' शोधून उघडावे व 'सी' ड्राइव्ह निवडावा.

३) 'क्लीन अप सिस्टीम फाईल्स' हे बटण दाबावे. ते दाबल्याशिवाय अपडेटच्या प्रती यादीत दिसत नाहीत.

४) नव्या यादीत 'विंडोज अपडेट क्लीनअप' समोर खूण करावी. मागे जायचे नाही याची खात्री असेल तरच 'प्रिव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' समोर खूण करावी.

५) बाकीच्या खुणा एकेक वाचून ठेवाव्यात किंवा काढाव्यात. 'रिसायकल बिन' रिकामा करण्यापूर्वी तो उघडून पाहावा.

६) 'ओके' दाबून काम पूर्ण होईपर्यंत थांबावे. जुन्या संगणकावर यास बराच वेळ लागतो. नंतर संगणक पुन्हा सुरू करावा. त्या वेळीही साफसफाई चालू राहू शकते. पडदा स्थिर दिसला तरी बटण दाबून बंद करू नये.

विंडोज १० व ११ मध्ये हेच काम 'सेटिंग्ज', 'सिस्टीम', 'स्टोरेज', 'टेम्पररी फाईल्स' या क्रमाने करता येते. येथे एक मोठी काळजी घ्यावी. या यादीत 'डाउनलोड्स' असाही एक रकाना असतो. त्यावर खूण केली तर इंटरनेटवरून उतरवलेले सातबारे, विम्याच्या पावत्या व बँकेची विवरणे सर्व एकदम जातात. त्या रकान्यावर खूण करू नये. आवश्यक कागद आधीच वेगळ्या फोल्डरमध्ये हलवावेत.

विजेची काळजी

साफसफाई चालू असताना वीज जाणे घातक ठरू शकते. दक्षिण व मध्य मुंबईत बेस्टचा वीजपुरवठा सहसा खंडित होत नाही. तरीही १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी सारी मुंबई अंधारात गेली होती. गावी तर हा धोका नेहमीचाच आहे. यूपीएस असावा, लॅपटॉप असल्यास तो भारित करून व तारेला जोडून ठेवावा. वादळी पावसाच्या दिवशी हे काम काढू नये.

जागा तरीही पुरत नसेल तर

अपडेटच्या प्रती काढूनही जागा कमी पडत असेल तर विंडोजच्या फोल्डरमध्ये आणखी शोधाशोध करू नये. मोठी डिस्क बसवणे श्रेयस्कर. गिरगावाजवळील लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, येथे संगणकाचे सुटे भाग मिळतात. दुकानात यंत्र देताना 'फॉरमॅट करू नका, आधी सर्व मजकूर नव्या डिस्कवर उतरवा' असे स्पष्ट सांगावे आणि जुनी डिस्क परत मागून घ्यावी. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. तेव्हा खर्च करण्यापूर्वी यंत्र विंडोज ११ पेलू शकते का हेही विचारून घ्यावे.

थोडक्यात लक्षात ठेवावे

• आधी नक्कल, मग साफसफाई.
• अपडेट नीट चालल्याची खात्री होईपर्यंत जुनी प्रत राखावी.
• विंडोजच्या फाईल्स विंडोजच्याच साधनाने काढाव्यात, हाताने पुसू नयेत.
• 'डाउनलोड्स' वर खूण करू नये.
• काम चालू असताना वीज व बटण, दोन्ही सांभाळावेत.

पावसाळा सुरू होण्यापूर्वी बांधबंदिस्ती केली जाते, त्याच सुमारास वर्षातून एकदा घरातील संगणकाचीही अशी तपासणी करावी. मे महिन्यात मुंबईची मंडळी गावी आलेली असतात. येताना त्यांनी नक्कल केलेला पेन ड्राइव्ह आणावा, गावच्या मंडळींनी त्यातील कागद आपल्या दप्तराशी ताडून पाहावेत. पुढे वाटणीचा किंवा वारसनोंदीचा प्रश्न आला तर कागद दोन्ही घरांत सारखाच असेल.