हीट नंबर नसलेलं विमान

भिलाईच्या रेल मिलमधून निघालेल्या रुळावर हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या ओतणीचा क्रमांक, उठवलेला असतो. उद्या तो रूळ कुठेही तडकला, तर त्यातलं पोलाद कधी ओतलं आणि चाचणीत काय निघालं, ते कागदावर सापडतं. दुसऱ्या महायुद्धातलं विमान हाती येतं तेव्हा नेमकी हीच माहिती हरवलेली असते. ते पुन्हा उडवायचं म्हणजे त्याच्या प्रत्येक तुकड्याची ओळख नव्याने सिद्ध करायची. कारखान्यात तपासणी, वेल्डिंग किंवा मशीन शॉपमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसांना हे काम जमण्यासारखं आहे, म्हणून हा लेख.

आपल्याकडे हे काम पूर्वी मोठ्या प्रमाणावर झालं आहे. युद्धानंतर कानपूरच्या चकेरी तळावर लिबरेटर बाँबफेकी विमानं टाकून दिली होती, तीही पुन्हा कुणाच्या कामी येऊ नयेत म्हणून मोडतोड करून. हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीच्या लोकांनी ती बंगळूरला पोहोचण्याइतपत सावरली, चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी ती उडवत घेऊन गेले आणि खरी दुरुस्ती तिथे झाली. नोव्हेंबर १९४८ मध्ये हवाई दलाच्या ५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला पहिली विमानं मिळाली. १९६८ पर्यंत ही विमानं सेवेत होती.

तरी सुरुवात लढाऊ विमानापासून करू नका. हवाई दलाच्या व्हिंटेज ताफ्यातही टायगर मॉथ आणि हार्वर्ड ही प्रशिक्षण विमानं आणि डकोटा हे मालवाहू विमान आहे, आणि ‘परशुराम’ नावाचं ते डकोटा इंग्लंडमध्ये दुरुस्त होऊन २०१८ मध्ये उडत भारतात आलं. स्पिटफायर किंवा टेम्पेस्टला लागणारा पैसा, सुटे भाग आणि जाणकार एकत्र मिळणं फार कठीण. हार्वर्डवर हात बसला की पुढचा विचार करावा.

विमानाला हात लावण्याआधी कागद. मालकीचा पुरावा, निर्मात्याची पाटी, अनुक्रमांक, मूळ आराखडे, देखभालीची पुस्तकं. नागरी नोंदणी करून उडवायचं असेल तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाशी (डीजीसीए) पहिल्याच महिन्यात बोला. काम संपल्यावर परवानगी मागायला गेलात, तर झाकून टाकलेला प्रत्येक सांधा पुन्हा उघडून दाखवावा लागू शकतो.

मग सुरक्षेची पाहणी. बंदुका, दारूगोळा, काडतुसावर चालणारा स्टार्टर यांपैकी काही उरलं असल्याची शंका आली तरी मागे सरा आणि पोलिसांना कळवा. कॉकपिटमधल्या अंधारात चमकणाऱ्या जुन्या डायलवर रेडियमचा लेप असू शकतो. तो खरवडू नका, काच उघडू नका. किरणोत्सर्ग मोजणाऱ्या तज्ज्ञाला बोलवा.

विमान खोलताना पत्रा काढण्याआधी सांगाड्याला जिगमध्ये आधार द्या. पत्राही भार पेलत असतो. तो निघाला की सांगाडा पिळवटतो आणि हे बऱ्याचदा जोडणीच्या वेळीच लक्षात येतं. प्रत्येक भागाचा फोटो, चिठ्ठी, वेगळी पिशवी. मोडका भागही फेकू नका, नव्या भागासाठी तोच नमुना असतो.

आता धातू. पोलादाच्या माणसाची चूक इथेच होते. चुंबकीय कणांची तपासणी ॲल्युमिनियमवर चालत नाही. तिथे डाय पेनिट्रंट, एडी करंट आणि जाड भागांसाठी अल्ट्रासॉनिक. ॲल्युमिनियमचा गंज लाल दिसत नाही; पांढरी भुकटी येते, किंवा आतून पापुद्रे सुटून धातू फुगतो, आणि वरचा रंग मात्र शाबूत असतो. पोलादी बोल्ट आणि ॲल्युमिनियम जिथे भिडतात, तिथे ओलावा शिरला की ॲल्युमिनियम आधी खाल्लं जातं. छत्तीसगडच्या पावसाळ्यात उघड्यावर उभ्या राहिलेल्या विमानाचे असे सांधे सगळ्यात आधी तपासा. मॅग्नेशियमचे भाग ओळखून वेगळे ठेवा, त्यांचा कीस पेट घेतो आणि त्यावर पाणी मारणं घातक.

पंखाचा स्पार, म्हणजे पंखाचा मुख्य कणा, जुनाच ठेवण्याचा हट्ट धरू नका. माझं मत स्पष्ट आहे: मूळ धातू जपून ठेवावा, उडवण्यासाठी प्रमाणपत्र असलेला नवा धातू वापरावा. ड्युरालच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या, काही रिव्हेट साधारण ४९५ अंश सेल्सिअसला तापवून पाण्यात विझवतात. त्यानंतर त्या मऊ असतात, पण थोड्याच वेळात कडक होऊ लागतात, म्हणून लगेच ठोकाव्या लागतात किंवा फ्रीजरमध्ये ठेवाव्या लागतात. कोणती रिव्हेट किती वेळ चालते, ते तिच्या मिश्रधातूवर ठरतं. बाजारातली दिसायला सारखी रिव्हेट कधीच चालवून घेऊ नका.

इंजिनाचं काम त्याच जातीच्या इंजिनावर हात बसलेल्या कार्यशाळेकडेच द्या. रबरी नळ्या, सील, इंधनटाक्यांचं अस्तर सरसकट बदला. हार्वर्डचं वास्प इंजिन ९ सिलिंडरचं, गोलाकार मांडणीचं. उभं राहिलं की तेल खालच्या सिलिंडरमध्ये उतरतं. म्हणून सुरू करण्याआधी इग्निशन बंद असल्याची खात्री करून, चालू असल्यासारखीच काळजी घेत, पंखा हाताने फिरवतात. अडला तर जोर लावायचा नाही. खालचे स्पार्क प्लग काढून तेल बाहेर सोडायचं, नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकतो.

रंगाला सर्वांत शेवटी हात लावा. रंगानंतर वजन आणि गुरुत्वमध्य पुन्हा मोजा.

भिलाईजवळ नंदिनीची धावपट्टी आहे म्हणून पहिलं उड्डाण तिथूनच, असं ठरवून टाकू नका. धावपट्टीची लांबी, आडवा वारा, अग्निशमन आणि परवानगी पाहून जागा निवडा. शेपटीखाली चाक असलेल्या विमानांचा अनुभव असलेलाच वैमानिक घ्या. आधी जमिनीवर इंजिन चालवून गळती, दाब आणि तापमान पाहा, मग धावपट्टीवर हळू फिरवा, ब्रेक तपासा. पहिल्या उड्डाणात चाकं खालीच ठेवा, विमानतळाच्या डोक्यावरच राहा, थोड्या वेळात उतरा. त्यानंतर तेलाची गाळणी उघडून धातूचे कण शोधा आणि जे सापडेल ते तारखेसह नोंदवहीत लिहा.